नाळेतले रक्त, गोठवलेले बीज आणि उद्याची बेगमी



'आमची नाळ पिंगळीत पुरली आहे' हे वाक्य आम्ही आजवर कितीतरी गावांच्या व्यासपीठांवरून बोललो. आज खुद्द पिंगळीतच बोलायचे आहे, त्यामुळे ते अलंकार म्हणून वापरायची सोय राहिलेली नाही. ती जागा ज्यांना ठाऊक आहे अशी दोन-तीन माणसे समोर बसली आहेत. (हशा)

आमच्या पिढीची बाळंतपणे घरात झाली. सुईण नाळ कापायची आणि वार परसात खड्डा करून पुरली जायची. पुढे बाळंतपणे दवाखान्यात गेली आणि वार पिवळ्या पिशवीत, म्हणजे दवाखान्याच्या जैविक कचऱ्यात, जाऊ लागली. आता तिच्यातल्या रक्ताला तिसरा मुक्काम मिळाला आहे. नाळेतले रक्त काढायचे, पिशवीत भरायचे, दूरच्या शहरात पाठवायचे आणि उणे १९६ अंश तापमानात वर्षानुवर्षे सांभाळायचे.

हा विषय आम्ही शोधायला गेलो नव्हतो, तो घरी चालत आला. गावातला एक तरुण, आमच्या विद्यार्थ्याचा मुलगा, हातात गुळगुळीत कागदाचे माहितीपत्रक घेऊन आला. बायकोला सातवा महिना. कुणीतरी प्रतिनिधी त्यांना भेटला होता. हप्ते धरून साठ हजारांच्या घरात रक्कम जात होती, आणि कापूस अजून घरातच होता. तो म्हणाला, "सर, पैशाचं बघता येईल हो. पण नाही ठेवलं, अन् उद्या लेकराला काही झालं, तर? बाप म्हणून आपलं चुकलं असं होईल का?"

आम्ही तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवले. 'कर्तव्य म्हणजे काय' यावर तास तास बोललो. पण इतका सरळ प्रश्न वर्गात क्वचितच कुणी विचारला असेल. आजचे व्याख्यान त्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट घेऊ, स्त्रीबीज गोठवून ठेवण्याची. कारण दोन्हींची टाकी एकच असली तरी दोन्हींचा न्याय एक नाही.

आधी गोठवणे म्हणजे काय ते समजून घेऊ. पिंगळीकरांना हे नवीन नाही. गाय भरवायला पशुवैद्यक येतात, तेव्हा त्यांच्याजवळ एक कंटेनर असतो. झाकण उघडले की पांढरी वाफ निघते आणि आतून ते चिमट्याने कांडी उचलतात. ती रेतमात्रेची कांडी ज्यात बुडालेली असते, तोच हा द्रवरूप नायट्रोजन. एवढ्या थंडीत पेशीचे सगळे व्यवहार थांबतात. ती मरत नाही आणि म्हातारीही होत नाही. अडचण असते ती गोठताना. पेशीत पाणी असते, पाण्याचा बर्फ होतो आणि बर्फाचे स्फटिक पेशी आतून फाडतात. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या संशोधकांना आढळले, की ग्लिसरीन मिसळले तर शुक्रपेशी गोठूनही जिवंत राहतात. तिथून पुढे हे सगळे शास्त्र उभे राहिले.

आता नाळ. गर्भात बाळाचे रक्त नाळेतून वारेत जाते आणि परत येते. जन्मानंतर नाळ कापली की नाळेत आणि वारेत काही रक्त उरते, फार तर चहाच्या कपाएवढे. या रक्तात रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी असतात. आपल्या हाडांच्या मगजात असतात तशाच. एखाद्याचा मगज रोगाने निकामी झाला, तर या पेशी त्याच्या शरीरात सोडतात. त्या जाऊन मगजात वस्ती करतात आणि नवे रक्त बनवू लागतात.

ही कल्पना नव्हे, घडलेली गोष्ट आहे. १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी एका लहान मुलावर हा उपचार प्रथम केला. त्याला फँकोनी ॲनिमिया नावाचा आनुवंशिक आजार होता. तो बरा झाला. त्यानंतर जगभरात असे चाळीस हजारांहून अधिक उपचार झाले आहेत. माहितीपत्रकातले हे सारे खरे असते. पण त्या पहिल्या मुलाला दिलेले रक्त कोणाचे होते? त्याचे स्वतःचे नव्हे, नुकत्याच जन्मलेल्या त्याच्या बहिणीचे. पुढच्या हजारो रुग्णांपैकीही बहुतेकांना मिळाले ते दुसऱ्याचे रक्त. हा तपशील पत्रकात बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच.

स्वतःचे का चालत नाही? थॅलेसेमिया घ्या, सिकलसेल घ्या. हे दोष बीजातच असतात. म्हणजे बाळाच्या नाळेतल्या रक्तातही तो दोष असणारच. किडक्या पोत्यातले मूठभर बियाणे बाजूला काढून ठेवले, म्हणून पुढच्या मृगात ते निरोगी उगवत नाही. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातही पुष्कळदा बिघाडाची सुरुवात जन्माआधीच झालेली असते. शिवाय मात्रेचा प्रश्न आहेच. रुग्णाच्या वजनाच्या प्रमाणात पेशी लागतात. एक पिशवी लहान मुलाला पुरेल, वाढलेल्या माणसाला सहसा पुरत नाही.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, २०१८ मध्ये यावर आपले मत प्रसिद्ध केले. वयाच्या पहिल्या वीस वर्षांत स्वतःचे नाळरक्त स्वतःला लागण्याची शक्यता त्यांनी अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक अशी दिली आहे. 'जैविक विमा' म्हणून हे रक्त खासगीरीत्या साठवू नये, असाच त्यांचा सल्ला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, आयसीएमआरची, भूमिकाही अशीच आहे. एक अपवाद दोघांनाही मान्य आहे. घरात आधीच्या मुलाला थॅलेसेमियासारखा आजार असेल, तर येणाऱ्या बाळाचे नाळरक्त जरूर ठेवावे. तिथे रोगी समोर आहे, गरज समोर आहे.

यावर आमचा तरुण म्हणाला, "पण सर, दोन लाखांत एक का होईना, आहे ना? तो एक आपलाच निघाला तर?"

सतराव्या शतकात पास्कल नावाचा फ्रेंच गणिती आणि तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याने देवावरच्या श्रद्धेबद्दल अशीच पैज मांडली होती. लाभ अनंत असेल, तर शक्यता कितीही लहान असो, पैज लावणेच शहाणपणाचे. लेकराच्या जिवाचे मोल आईबापाला अनंतच वाटते, म्हणून ही युक्ती त्यांच्यावर हमखास चालते. पण तिच्यात एक भोक आहे. ती मान्य केली, तर दोन लाखांत एक शक्यता असलेली प्रत्येक वस्तू विकत घ्यावी लागेल. अशा वस्तूंना अंत नाही, आपल्या पैशाला मात्र आहे. तर्कशास्त्रात आम्ही शिकवत असू की 'संभव' आणि 'संभाव्य' हे दोन वेगळे शब्द आहेत. जे घडू शकते ते संभव. जे घडण्याला धरून चालावे ते संभाव्य. विक्रेता पहिला शब्द दाखवतो आणि दुसऱ्याचे पैसे घेतो.

'बँक' हा शब्दही तपासून बघा. बँकेत ठेवलेला पैसा दुसऱ्याच्या उपयोगी पडतो, म्हणून ती बँक. आपलेच ठेवायचे, कुलूप लावायचे आणि भाडे भरत राहायचे, याला आपण लॉकर म्हणतो. खासगी नाळरक्त साठवण हे लॉकर आहे. खरी पेढी कशी असते? रक्तपेढीसारखी. परभणीत रक्तदान करताना आपण 'ही माझी बाटली, माझ्यासाठीच ठेवा' असे म्हणत नाही. आपले कुणाला तरी जाते आणि आपल्याला लागते तेव्हा कुणाचे तरी मिळते. नाळरक्ताच्या सार्वजनिक पेढ्या याच तत्त्वावर चालतात. जुळणारी पिशवी जगातल्या कुणाही रुग्णाला मिळते आणि देणाऱ्याला पैसे पडत नाहीत. आपल्याकडे अशा पेढ्या फार थोड्या आहेत. म्हणजे जी वस्तू वाटल्याने उपयोगी पडते, ती आपण एकेकट्याने कुलपात घालत बसलो आहोत.

आता आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. नाळेतले ते रक्त कोणाचे? 'वाया जाणारे रक्त' असे पत्रकात म्हणतात. ते वाया जाणारे नाही, बाळाचेच आहे. नाळ लगेच न कापता थोडे थांबले, तर त्यातले बरेच रक्त बाळाच्या अंगात उतरते. पहिल्या मिनिटात साधारण ८० मिलिलिटर, तीन मिनिटांत १०० च्या आसपास. त्याबरोबर लोह जाते आणि ते बाळाला पुढचे कित्येक महिने पुरते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, की नाळ किमान एक मिनिट थांबून कापावी. आपल्या सरकारच्या २०१८ च्या 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमातही नाळ उशिरा कापण्याचा समावेश आहे. अर्थात बाळ गुदमरले असेल किंवा आईची प्रकृती बिघडली असेल, तर निर्णय डॉक्टरांचा. पण जितके थांबावे, तितके पिशवीत भरायला कमी उरते. दोन्ही हिशेब एका कपात बसत नाहीत.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांत जवळजवळ ६९ मुलांना रक्तक्षय आढळला. आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर 'परभणी शक्ती' नावाची ज्वारी २०१८ मध्ये दिली. तिच्यात लोह आणि जस्त जास्त आहे. दाण्यात चिमूटभर लोह वाढावे म्हणून शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे खपतात. आणि जन्माच्या क्षणी फुकट मिळणारे लोह आपण पैसे मोजून परगावी पाठवायचे, याला काय म्हणावे?

आता दुसऱ्या गोष्टीकडे, स्त्रीबीजाकडे येऊ.

मुलगी जन्मते तीच दहा ते वीस लाख बीजे घेऊन. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. पस्तिशीनंतर संख्या झपाट्याने घटते आणि उरलेल्यांचा कसही उतरतो. पुरुषाच्या शुक्रपेशी नव्या नव्या बनत राहतात, बाईची बीजे ही मात्र जन्मतः मिळालेली शिदोरी असते.

बीज गोठवणे शुक्रपेशीपेक्षा अवघड, कारण ती शरीरातली सर्वांत मोठी पेशी आहे आणि तिच्यात पाणीच पाणी. १९७८ मध्ये कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी भ्रूण गोठवून ठेवला आणि त्यातून एका मुलीचा जन्म झाला. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, अवहेलना झाली, १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवले. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, ती भारतातली पहिली म्हणून गाजली. त्या यशातले वैज्ञानिक टी. सी. आनंद कुमार यांनी पुढे मुखोपाध्यायांचे कागद स्वतः तपासले आणि जाहीर सांगितले, की पहिला मान त्यांचा. स्वतःचा मान असा काढून देणारी माणसेही विज्ञानाच्या इतिहासात असतात, म्हणून हे आवर्जून सांगितले.

१९८६ मध्येच ऑस्ट्रेलियात डॉ. ख्रिस्तोफर चेन यांनी गोठवलेल्या बीजापासून प्रथम मूल जन्माला घातले. पण खरी सुधारणा झाली ती पुढे, बीज इतक्या वेगाने थंड करण्याच्या पद्धतीने, की पाण्याला बर्फ व्हायला वेळच मिळत नाही, ते काचेसारखे घट्ट होते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संस्थेने या पद्धतीवरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढला. आपल्या मुंबईतले उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. पूर्वीच्या विश्वसुंदरी डायना हेडन यांनी आठ वर्षे गोठवून ठेवलेल्या बीजापासून २०१६ मध्ये त्यांना मुलगी झाली.

म्हणजे इथे वस्तू स्वतःच्याच उपयोगी पडते. नाळरक्ताच्या अगदी उलट. इथे लॉकर हा शब्द दूषण नाही. विशेषतः कर्करोग झालेल्या तरुण मुलीसाठी. केमोथेरपीने बीजांडकोशाला इजा होऊ शकते. उपचार सुरू होण्याआधी दहा-बारा दिवस मिळाले, तर बीजे काढून ठेवता येतात. पण हे पहिल्या इंजेक्शनाच्या आधी विचारावे लागते. आपल्याकडे लाजेपोटी कुणी विचारत नाही. घरातल्या मोठ्यांनी विचारावे. इथे ती शक्यता दोन लाखांत एक नसते.

नोकरी, शिक्षण किंवा मनाजोगा जोडीदार नाही म्हणून बीजे ठेवणाऱ्या मुलीही आहेत. त्यांना नावे ठेवण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. फक्त सौदा पुरता कळावा. रोज संप्रेरकांची इंजेक्शने, सोनोग्राफी, मग भूल देऊन सुईने बीजे काढणे. क्वचित बीजांडकोश सुजून त्रास होतो. पस्तिशीच्या आत ठेवलेली दहा-पंधरा बीजे असतील, तर एक मूल होण्याची आशा चांगली. चाळिशीत ठेवली तर फार कमी. खात्री कधीच नाही. आणि बीजाचे वय थांबते, बाईचे थांबत नाही. उशिराच्या गर्भारपणात रक्तदाब, मधुमेह यांचा धोका वाढतोच.

आणखी एक गोष्ट मराठवाड्यात बोलताना टाळता येत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले. ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा पडला की कोयत्याची मजुरी बुडते, हे त्यामागचे एक कारण पुढे आले. एकीकडे उद्यासाठी बीज राखणारी स्त्री, दुसरीकडे आजच्या मजुरीसाठी गर्भाशय गमावणारी. दोघींच्या गावांत फार अंतर नाही. म्हणून 'तंत्रज्ञान आले' एवढ्याने आम्हाला आनंद होत नाही. ते कुणाच्या दारी आले, ते विचारावेसे वाटते.

शेवटचा प्रश्न, ठेवणारा गेला तर? पुण्यात २०१८ मध्ये एका आईने कर्करोगाने गेलेल्या मुलाच्या, उपचारांपूर्वी जतन केलेल्या वीर्यापासून, सरोगसीने जुळी नातवंडे मिळवली. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले. तरुण अविवाहित वारला होता, आणि मृत्यूनंतर नमुना नष्ट करावा असे त्याच्या संमतिपत्रात होते. आई नमुना मागत होती. न्यायालयाने सुनावणी होईपर्यंत तो जपून ठेवायला सांगितले. आईचे दुःख खरे, मुलाची सहीही खरी. २०२१ चा सहाय्यक प्रजनन कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे आणि लेखी संमती हा त्याचा कणा आहे. तेव्हा फॉर्मवर सही करताना 'मृत्यूनंतर काय' हा रकाना घाईत भरू नका. पुढे कुणाला तरी त्या एका ओळीवर आयुष्य बेतावे लागते.

आमच्या न्यायशास्त्रात 'प्रागभाव' नावाची कल्पना आहे. घडा घडण्यापूर्वी मातीत त्याचा जो अभाव असतो, तो प्रागभाव. गोठवलेल्या बीजातले मूल असे प्रागभावात असते. त्याच्यासाठी बेगमी करायला हरकत नाही. पण नाळ कापली जात असते तेव्हा जे बाळ समोर रडत असते, ते घडलेले आहे, त्याचा अभाव संपला आहे. उद्याच्या कल्पित रोग्यासाठी आजच्या खऱ्या बाळाच्या वाट्याचे काढून घ्यायचे का? आमचे उत्तर नाही असे आहे.

त्या तरुणाला आम्ही एवढेच सांगितले, "घरात, भावकीत कुणाला थॅलेसेमिया आहे का ते आधी विचार. नसेल तर पत्रक परत कर. पैसे बायकोच्या खाण्यापिण्यावर अन् लेकराच्या लसींच्या फेऱ्यांवर खर्च कर. अन् डॉक्टरांना म्हणावं, सगळं ठीक असेल तर नाळ जरा दमानं कापा."

मागून एका आजींनी चिठ्ठी पाठवली आहे. विचारतात, 'आता वार पुरत नाहीत, मग लेकराची गावाशी नाळ कशी राहायची?' आजी, वार पुरल्याने नाळ राहिली असती, तर आमच्याबरोबरची निम्मी माणसे पुण्याला गेलीच नसती. (हशा) त्या मुलीचे बाळंतपण मागच्या महिन्यात परभणीला झाले. मुलगी आहे. डॉक्टर दोन मिनिटे थांबले, असे तिचा बाप सांगत होता. त्याने म्हणे भिंतीवरच्या घड्याळात पाहिले.